घरून आलेले पैसे आणि हातातला वेळ: शहरात शिकायला आलेल्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

दर जून-जुलैत गावागावांतून मुलं-मुली पुण्याला, संभाजीनगरला, नागपूरला, कोल्हापूरला शिकायला येतात. आयुष्यात पहिल्यांदा महिन्याभराचे पैसे त्यांच्या हातात असतात आणि दिवसभराचा वेळही त्यांचाच असतो. पैसे कमी पडल्यानं शिक्षण अडतं हे खरंच आहे. पण घरच्यांनी ओढाताण करून पुरेसे पैसे पाठवले तरी वीस तारखेनंतर उसनवारी सुरू होते, आणि अख्खं सेमिस्टर हातात असूनही पेपरच्या आदल्या रात्री पहिलं युनिट उघडलं जातं, हेही होस्टेलवर राहिलेल्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे. दोन्हीचं मूळ एकच. जे हातात आहे ते वापरत राहायचं आणि उरलं तर कामाच्या गोष्टीला द्यायचं, अशी आपली रीत असते. उरत काहीच नाही. म्हणून या लेखातलं मुख्य सांगणं एवढंच आहे की पैसे आले त्याच दिवशी आणि आठवडा सुरू झाला त्याच दिवशी वाटणी करून टाका.

अभ्यास आणि पैसे हे दोन वेगळे विषय नाहीत, हे एका हिशोबातून कळतं. राहण्या-खाण्याला महिना १०,००० रुपये लागत असतील आणि विषय राहिल्यामुळे एक वर्ष वाया गेलं, तर दहा महिन्यांचे १,००,००० रुपये जातात. वर पुन्हा फी, परीक्षेचे फॉर्म आणि एक वर्ष उशिरा लागणारी नोकरी. चहा-वडापाव बंद करून एवढे पैसे कधीच वाचणार नाहीत. त्यामुळे विद्यार्थ्याची सगळ्यात मोठी काटकसर म्हणजे सगळे विषय वेळेत सुटणं.

आधी घरचं वर्ष समजून घ्या

पैशांच्या नियोजनावरचे बहुतेक सल्ले पगारदार घरांसाठी लिहिलेले असतात. एक तारखेला पगार, दोन तारखेला मुलाच्या खात्यात पैसे. पण ज्या घरात शेती आहे तिथं पैसा महिन्यानं येत नाही, पिकानं येतो. सोयाबीन ऑक्टोबर-नोव्हेंबरला निघतं, कापसाची वेचणी दिवाळीच्या आसपास सुरू होऊन हिवाळाभर चालते, ऊस तुटल्यावर कारखान्याचं बिल कधी वेळेवर तर कधी रखडत येतं. दुधाचं बिल तेवढं दर दहा-पंधरा दिवसांनी मिळतं, आणि कित्येक घरांत मुलांची खानावळ त्याच बिलावर चालते.

आता कॉलेजचं वर्ष याच्या शेजारी ठेवून बघा. प्रवेशाची फी, खोलीचं डिपॉझिट, पुस्तकं, सगळं जून ते ऑगस्टमध्ये येतं. नेमक्या त्याच दिवसांत घरी बियाणं, खत, पेरणीची मजुरी यांत पैसे अडकलेले असतात. सावकाराकडं जाण्याची किंवा सोनं गहाण ठेवण्याची वेळ बहुतेक घरांवर याच महिन्यांत येते. म्हणून पहिलं काम हे की दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलात की आई-वडिलांसोबत वही घेऊन बसा. कुठल्या महिन्यात घरात किती येतं आणि कुठल्या महिन्यात तुम्हाला किती लागतं, हे बारा ओळींत लिहा. माल विकला गेला की पुढच्या जूनची फी त्याच आठवड्यात बाजूला काढायची आणि बँकेत मुदत ठेवीत टाकायची, हे घरात ठरवून घ्या. ठेव पावती असली की तो पैसा लग्नाच्या आहेरात किंवा मोटारीच्या दुरुस्तीत सहज खर्च होत नाही.

हे बोलणं अवघड वाटतं, कारण घरच्या पैशांबद्दल मुलांनी विचारायचं नसतं असं आपण मानत आलो. तरीही विचारा. वडिलांना आकडा आधीपासून माहीत असला तर ते तजवीज करू शकतात. ऐन वेळी फोन आला तर त्यांच्याकडं कर्ज काढण्यापलीकडं काही उरत नाही.

महिन्याची वाटणी

घरून तीन-चार महिन्यांचे पैसे एकदम आले, तर ते एकाच खात्यात ठेवून त्यातूनच यूपीआयनं खर्च करू नका. दोन खाती ठेवा. एक मुख्य खातं, ज्यात घरचे पैसे आणि शिष्यवृत्ती येते. दुसरं खर्चाचं खातं, ज्याला फोनवरचं यूपीआय जोडलेलं आहे. मुख्य खात्याला यूपीआय जोडूच नका. दुसरं खातं उघडताना किमान शिल्लक ठेवायची अट नाही ना, हे शाखेत विचारा. मूलभूत बचत खात्याला अशी अट नसते.

महिना १०,००० रुपये धरून एक वाटणी मांडतो. पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे वाटून घेतलेल्या खोलीत एका कॉटचं भाडं देऊन राहणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं हे उदाहरण आहे. तुमच्या शहरात आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

कॉटचं भाडं ३,५००, खानावळ ३,३००, लाईटबिल आणि वायफायचा वाटा ३५०, मोबाइल रिचार्ज ३००, बस ४००, झेरॉक्स-वह्या ३००. हे झाले ८,१५०. यातलं जवळपास काहीच टाळता येत नाही, म्हणून पैसे आल्याच्या दिवशीच भाडं आणि खानावळ देऊन मोकळं व्हा. उरले १,८५०. त्यातले ६५० त्याच दिवशी राखीव म्हणून बाजूला. आता हातखर्चाला १,२०० राहिले.

हे १,२०० एकदम खर्चाच्या खात्यात टाकले तर पहिल्या दहा दिवसांत संपतात. त्याचे २४० रुपयांचे पाच भाग करा आणि १, ७, १३, १९ आणि २५ तारखेला एकेक भाग खर्चाच्या खात्यात घाला. रोजचे ४० रुपये होतात. एखाद्या दिवशी मित्राच्या वाढदिवसाला शंभर गेले तर पुढचे दोन-तीन दिवस हात आखडता घ्यावा लागेल, पण महिना मोडणार नाही. आठवड्याऐवजी सहा दिवसांचे भाग घेण्याचं कारण असं की चार आठवड्यांनंतर महिन्याचे दोन-तीन दिवस उरतात, आणि सगळी उसनवारी त्याच दिवसांत होते.

राखीव ६५० चं काय करायचं? बँकेत आवर्ती ठेव (दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव) सुरू करता येते, पण सहा-आठ महिन्यांत हे पैसे लागणारच असतील तर साध्या मुख्य खात्यात राहिले तरी चालतील. परीक्षेचा फॉर्म, प्रोजेक्टचं बाइंडिंग, लॅबचा ॲप्रन, चष्मा, अचानक गावी जाणं, या खर्चांना आपण ‘अचानक’ म्हणतो, पण ते दरवर्षी येतातच. मुलींसाठी एक गोष्ट: मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे गावी जायला खाजगी बसच्या तुलनेत बरेच पैसे वाचतात.

खर्च लिहायला ॲप हवंच असं नाही. यूपीआयची यादी फोनमध्ये असतेच. रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं ती उघडून तीनच गोष्टी वहीत उतरवा: खाण्यावर बाहेर किती गेले, कुणाला उसने दिले, आणि कुठला खर्च पुन्हा केला नसता. दोन महिन्यांत तुमच्या सवयी तुम्हालाच दिसू लागतात.

खोली आणि खानावळ

डिपॉझिट देताना कागदावर घ्या: किती दिलं, सोडताना किती दिवस आधी सांगायचं, रंगाचे किंवा साफसफाईचे पैसे कापणार का. घरमालक कितीही चांगले असले तरी हे लिहून घ्यायचंच. खोलीत शिरताना भिंती, नळ, पंखा यांचे फोटो काढून ठेवा.

खानावळीत पहिल्या दिवशी खाड्यांचा नियम विचारा. सलग किती दिवस गैरहजर राहिलं तर पैसे वजा होतात, आधी किती सांगावं लागतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. दिवाळी, गणपती, गावची जत्रा धरली तर वर्षाचे खाडे बरेच होतात आणि न सांगता गेलात की तेवढे पैसे बुडतात.

पुस्तकं नवी घेण्याआधी कॉलेजच्या ग्रंथालयातून पुस्तकं वापरायला देणाऱ्या बुक बँकेचा अर्ज भरा. पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं मिळतात, पण अभ्यासक्रमाचा पॅटर्न बदलला नाही ना, हे आधी पाहा. जुन्या पॅटर्नचं पुस्तक निम्म्या किमतीत घेतलं तरी ते पैसे फुकट जातात.

शिष्यवृत्ती: इथं आळस सगळ्यात महाग पडतो

महाराष्ट्रात बहुतेक सरकारी शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरले जातात. मागासवर्गीय विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे, मोठ्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत जाते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रत्येक योजनेच्या अटी वेगळ्या आहेत, त्या पोर्टलवर नीट वाचा.

अर्ज बाद होण्याची कारणं मात्र तीच-तीच असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला जुना असतो. जात वैधता प्रमाणपत्र निघालेलं नसतं. बारावीनंतर वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र जोडलेलं नसतं. आणि सगळ्यात जास्त वेळा, कॉलेजनं त्रुटी काढून अर्ज परत पाठवलेला असतो आणि विद्यार्थ्यानं पुन्हा लॉगिन करून तो पाहिलेलाच नसतो. अर्ज भरून झाला की काम संपलं असं समजू नका. दर पंधरा दिवसांनी स्थिती पाहा आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागातल्या लिपिकांना स्वतः जाऊन भेटा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज पुन्हा भरावा लागतो, तो आपोआप होत नाही.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. नवीन खातं उघडताना आधार जोडायला संमती दिली तर थेट लाभाची रक्कम त्या नव्या खात्याकडं वळू शकते. वर दोन खाती ठेवायला सांगितलं, म्हणून हे मुद्दाम सांगतो. आधार कुठल्या खात्याशी जोडलेलं आहे ते आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये बघता येतं. ते मुख्य खात्याचंच आहे याची खात्री करा.

जिथं पाय ठेवायचाच नाही

तीन गोष्टी मी अगदी कळकळीनं सांगतो.

झटपट कर्ज देणारी ॲप. समजा ३,००० रुपयांचं कर्ज घेतलं, ‘प्रोसेसिंग’चे ६०० आधीच कापले, हातात २,४०० आले आणि पंधरा दिवसांत ३,००० परत करायचे आहेत. म्हणजे पंधरा दिवसांना २५ टक्के. गावातला सावकारही सहसा एवढं व्याज लावत नाही. शिवाय अशी बेकायदा ॲप फोनमधले नंबर उचलून नातेवाइकांना धमक्या देतात. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये नियम केले, त्यानुसार कर्ज देण्याआधी एकूण वार्षिक खर्च दाखवणारं पत्रक द्यावं लागतं. ते नसेल तर ॲप काढून टाका. अडचणीत असाल तर आधी घरी सांगा, मग वर्गशिक्षकांना. घरची बोलणी खावी लागतील, पण त्यावर व्याज चढत नाही.

आपलं बँक खातं भाड्यानं देणं. ‘फक्त पासबुक आणि एटीएम कार्ड दे, महिना पाच हजार मिळतील’ असं सांगणारे होस्टेलभोवती फिरतात. त्या खात्यातून सायबर फसवणुकीचा पैसा फिरवला जातो. पोलीस खातं गोठवतात आणि गुन्हा खातेदारावर येतो. कुणाची ऑनलाइन फसवणूक झाली तर तातडीनं १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितका पैसा अडवता येण्याचा संभव जास्त.

शेअर बाजारातलं ऑप्शन ट्रेडिंग, म्हणजे भाव पुढं चढेल की पडेल यावर केलेले सौदे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्स या अशा सौद्यांमध्ये उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांचा तोटा झाला. फीच्या पैशांनी हा खेळ खेळू नका, मित्रानं कितीही नफ्याचे स्क्रीनशॉट दाखवले तरी.

आठवड्याचे १६८ तास

आता वेळेची वाटणी. झोपेला रोज आठ तास म्हणजे ५६. कॉलेजला ३० धरा, येण्या-जाण्याला ९, अंघोळ-जेवण-कपडे धुणं यांना रोज तीन म्हणजे २१. बेरीज ११६. उरतात ५२ तास. यातले फक्त २० तास अभ्यासाला नेमून टाका: सोमवार ते शनिवार रोज तीन आणि रविवारी दोन. बाकीचे ३२ तास मित्र, खेळ, सिनेमा, काम, काहीही. वेळ कमी पडतो ही तक्रार या हिशोबापुढं टिकत नाही. अडचण अशी असते की ते वीस तास कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठं बसून, हे ठरलेलं नसतं. वेळ ठरवा आणि जागाही ठरवा. खोलीत चौघं असतील तर अभ्यास होणार नाही हे मान्य करा आणि कॉलेजच्या वाचनकक्षात बसा. तिथं जागा नसेल तरच पैसे देऊन अभ्यासिका लावा. फोन पिशवीत, पिशवी रॅकवर. टेबलावर उलटा ठेवलेला फोनही लक्ष खेचतो.

वाचू नका, आठवा

आपल्याकडं अभ्यास म्हणजे वाचणं, आणि परीक्षा जवळ आली की पुन्हा वाचणं. यातून आपल्याला येतंय असं वाटतं, पण तो भास असतो. अमेरिकेतल्या रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात काहींना उतारा पुन्हा-पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून तो आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांना जास्त येत होतं. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये जर्मनीतल्या हेर्मान एबिंगहाउसनं स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की शिकलेल्यातला मोठा भाग पहिल्या दिवसा-दोन दिवसांतच विसरला जातो.

याचा रोजच्या अभ्यासात उपयोग असा करा. संध्याकाळी बसलात की वही न उघडता कोऱ्या कागदावर आजच्या प्रत्येक तासाला काय शिकवलं ते लिहा. व्याख्या, आकृती, सूत्र, जे आठवेल ते. मग वही उघडा आणि राहिलेलं लाल पेनानं भरा. एका विषयाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. तोच विषय दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, रविवारच्या दोन तासांत एकदा आणि महिन्यानं पुन्हा एकदा, असाच कोऱ्या कागदावर. लाल शाई कमी-कमी होताना दिसते. सुरुवातीला हे वाचण्यापेक्षा फार जड जातं. तसं जड जाणंच अपेक्षित आहे, त्यामुळे सोडू नका.

सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रम उतरवून घ्या आणि मागच्या तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका काढा. प्रत्येक युनिटसमोर कुठल्या वर्षी कुठला प्रश्न आला ते लिहा. बाजारात मिळणारे ‘अपेक्षित’ संच हेच काम तयार करून देतात, पण ते स्वतः केलं की त्यातच निम्मा अभ्यास होतो. सबमिशन आणि जर्नल शेवटच्या आठवड्यावर ढकलली तर पीएलचे, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीचे दिवस लिहिण्यातच जातात. प्रॅक्टिकल झालं त्याच रात्री तेवढी पानं पूर्ण करा. परीक्षेआधी प्रत्येक विषयाचा एक तरी पेपर घड्याळ लावून पूर्ण लिहा, कारण येत असूनही शेवटचा प्रश्न लिहायचा राहिल्यानं नापास झालेले पुष्कळ असतात.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

दहावी-बारावीपर्यंत मराठीत शिकून एकदम इंग्रजीत विज्ञान, अभियांत्रिकी शिकायला लागलं की पहिलं सेमिस्टर अंगावर येतं. हुशार मुलंही याच काळात खचतात आणि आपल्याला येतच नाही असं समजून बसतात. विषय कठीण नसतो, शब्द अनोळखी असतात. प्रत्येक विषयाची एक छोटी शब्दवही करा: इंग्रजी संज्ञा, तिचा मराठीत आपल्या शब्दांत अर्थ, आणि ती वापरलेलं एक इंग्रजी वाक्य. रोज पाच शब्द. संकल्पना मराठीत समजून घ्या, मित्राला मराठीत समजावून सांगा, मग उत्तर इंग्रजीत लिहा. वाक्यं छोटी ठेवा. तपासणाऱ्याला विषय कळलाय हे दिसावं लागतं, भाषेची सजावट नको असते. कला आणि वाणिज्य शाखांत बऱ्याच विषयांची उत्तरं मराठीत लिहिता येतात. परीक्षा फॉर्म भरताना माध्यमाचा रकाना नीट भरा.

काम करून शिकायचं असेल तर

कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ म्हणत कष्ट करून शिकण्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. आज अनेक विद्यापीठांत आणि कॉलेजांत ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. ग्रंथालय, बाग, कार्यालय अशा ठिकाणी तासांवर काम मिळतं. पैसे थोडे असतात, पण काम आवारातच असतं, जायला-यायला वेळ लागत नाही आणि परीक्षेच्या काळात सूट मिळते. पुण्यात गावाकडच्या गरजू मुलामुलींसाठी १९५५ पासून विद्यार्थी सहाय्यक समिती वसतिगृहं चालवते, तिथं अर्ज करायला संकोच करू नका. शिकवण्या घेणं हेही चांगलं काम आहे. डिलिव्हरीचं काम घ्यायचं ठरवलं तर पेट्रोल आणि गाडीची झीज वजा करून तासाला खरे किती सुटतात ते आधी मोजा. माझ्या मते आठवड्याला बारा तासांच्या वर काम गेलं की अभ्यासाचे वीस तास खाल्ले जातात.

आधीच अडकला असाल तर

दोन विषय राहिलेत आणि चार जणांचं देणं आहे, अशा अवस्थेत हे वाचत असाल तर क्रम असा ठेवा. सगळी देणी एका कागदावर लिहा आणि ज्यावर व्याज चढतंय ते आधी फेडा. मित्रांना तारीख देऊन थोडे-थोडे परत करा. रक्कम छोटी चालेल, तारीख चुकवू नका. राहिलेल्या विषयांसाठी आठवड्याच्या अभ्यासाच्या वीस तासांपैकी सहा तास वेगळे काढा, नाहीतर चालू सेमिस्टरच्या ओघात ते पुन्हा राहतात. निकालात एखाद्या विषयात अनपेक्षित कमी गुण दिसले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो. त्याची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते आणि फी लगेच भरावी लागते, ती राखीव पैशांतून भरा. छायाप्रत हातात आली की त्या विषयाच्या प्राध्यापकांकडं घेऊन जा आणि कुठल्या प्रश्नात गुण गेले ते त्यांच्यासमोर बसून समजून घ्या.